श्रद्धा कशी जळाली?

शनिवारी सकाळी भांडगावच्या चौकात कंपनीतले परप्रांतीय कामगार एका फ्लेक्सखाली जमले होते.

"श्रद्धा कैसे जली?" एकानं हळहळून विचारलं.

फ्लेक्सवर कैलासवासी मारुतराव हसत होते. डोक्यावर लालभडक नक्षीदार अक्षरं: 'भावपूर्ण श्रद्धाजली'.

नऊ वाजता फ्लेक्सवाल्या इंद्रजीतनं कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या हनुमंतला बोलावून घेतलं.

"मागल्या शुक्रवारी खुटबाव गावाला 'भावी सरपच' छापला. काल ह्ये. मयताच्या घरी शब्द देऊन आलोय, ज्याची चूक त्याला आजच दुकानातनं काढतो."

कॉम्प्युटरपाशी बसलेली ऑपरेटर हर्षदा हे ऐकत होती. चार दुकानं फिरून तिला ही नोकरी मिळाली होती.

हनुमंतनं तिच्याशेजारी खुर्ची ओढली. "टिंब दिलं व्हतं का?"

"द्यायची गरजच पडली न्हाई. पडद्यावर आधीच व्हतं. ह्या सॉफ्टवेअरात टिंब सुटं असतंय, कुठंबी भरकटतं. मी अक्षर त्याच्याखाली सरकवलं."

"रंग?"

"लालच. मथळा लाल असतोय की."

"आता कुठंय?"

"सकाळी स्क्रीन पुसून फाइल उघडली, तर गायब."

हनुमंतनं फॉन्ट पुन्हा टाकला, केबल बदलली, मॉनिटरला दोन चापट्या मारल्या. टिंब उगवलं नाही. कीबोर्डवरून मुंग्या तेवढ्या खोबऱ्याचा तुकडा ओढत निघाल्या होत्या.

"ह्ये कधीचं?"

"कालचा परसाद. दर शुक्रवारी आजी मशिनची पूजा करत्यात."

"पुसायचं फडकं आण," हनुमंत म्हणाला.

फडकं गुलाबी झालं होतं.

त्यानं इंद्रजीतला आणि त्याच्या आईला, सोजराबाईंना, समोर बसवलं.

"सॉफ्टवेअर निर्दोष हाय. शुक्रवारी आजी पडद्यावर कुंकवाचं बोट टेकवतात. हर्षदाला वाटतं, टिंब भरकटलं. ती अक्षर त्याच्याखाली नेते. छापायचं मशिन काय कुंकू छापत न्हाई. शनिवारी ती पडदा पुसते, आन् पुरावा फडक्यात जातो."

"मीच लावते," सोजराबाई शांतपणे म्हणाल्या. "येमाईचं कुंकू हाय. बिनपूजेचं मशिन चालतं व्हय?"

इंद्रजीतनं आईकडं बघितलं.

"शब्द तर देऊन बसलोय. पण आईला कामावरनं काढता येतंय का, हनुमंतराव?"

हनुमंतनं पिशवी आवरली.

दुपारी इंद्रजीतनं हर्षदाला शेवटचा फ्लेक्स करायला सांगितला: 'ऑपरेटर पाहिजे. त्वरित भेटा.'

तिनं तो तीनदा तपासला. त्यात अनुस्वार एकही नव्हता, आणि चूकही नव्हती.