दुसऱ्याच्या खोलीतला श्वास

त्याची माझी ओळख झाली ती त्याच्या श्वासातून. चेहरा नंतर दिसला...

आमच्या विद्यापीठाचा आणि तिकडच्या, परदेशातल्या विद्यापीठाचा मिळून एक प्रकल्प होता. वीज वाचावी म्हणून हल्ली घरं अगदी घट्ट बंद बांधतात. तर अशा घरात माणसाला पुरेशी हवा मिळते का, हे आम्ही विद्यार्थ्यांनी तपासायचं. प्रत्येकाच्या खोलीत हवा मोजणारी एक डबी. माणूस आत असला की त्याच्या श्वासाने पडद्यावरची रेघ चढते, तो बाहेर गेला की उतरते. स्वतःची रेघ स्वतः बघायची नाही, तिकडच्या जोडीदाराची बघायची, हा आमच्या मॅडमचा नियम. चिठ्ठ्या टाकल्या आणि माझ्या वाट्याला हा आला. घरी आपलीच भाषा बोलणारा, पण जन्मापासून तिकडचा. गोल चष्मा, डोळे हे एवढाले! पहिल्याच दिवशी मी त्याला घुबड करून टाकलं.

"आणि तुला काय म्हणू?"

"बाईसाहेब. अहो-जाहो करायचं."

"बरं, बाईसाहेब... तुमची रेघ फार छान दिसते हो."

"इश्श! रेघेला कुणी छान म्हणतं का?"

"तुम्हाला म्हणायची हिंमत नाही ना..."

असा आगाऊ! पण रोज दुपारी त्याचा फोन आला नाही तर मला जेवण जायचं नाही. माझी दुपार म्हणजे त्याची सकाळ. धुक्याने त्याची खिडकी पांढरी झालेली असायची. पुढच्या आठवड्यात प्रकल्पाचा समारोप आमच्याकडे होता. सगळ्यांचे जोडीदार येणार होते. हा मात्र "जमत नाही" एवढंच म्हणायचा. समारोपानंतर डब्या बंद, फोन बंद, सगळंच बंद. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

त्यात त्या दुपारी फोनवर बोलताना पहिल्यांदाच पडद्याकडे बघते तर काय, त्याची रेघ भराभर चढत होती. एकट्या माणसाची अशी चढत नाही.

"कोण आलंय रे तुझ्याकडे?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, खोटं कशाला बोलू?

"कुणी नाही."

"थापा मारू नकोस. दोघांचा श्वास आहे."

त्याने कॅमेरा सगळीकडे फिरवला. पलंग, खुर्चीवर टाकलेला कोट, बंद दार... खरंच कुणी नव्हतं.

"मग तू बाहेर जा बरं. दार ओढून घे."

तो फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. आम्ही उगाच काहीबाही बोलत राहिलो. रेघ उतरायला लागली... आणि मध्येच थांबली. दार ओढून घेतलेल्या खोलीत कुणीतरी एकटं, शांतपणे श्वास घेत होतं. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"घुबडा... आत कुणीतरी आहे."

त्याने फोनवरच माझी रेघ उघडून पाहिली. मग हळूच म्हणाला, "बाईसाहेब, तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"कुठे म्हणजे? माझ्या खोलीत. दार-खिडक्या लावून."

"तुमची रेघ तळाला आहे. तिथे... कुणीच नाहीये."

"काहीतरीच काय!"

"आपण बोलायला लागलो की रोज उतरते. डबी बिघडलीय म्हणून सांगितलं असतं, तर जोडीही बदलली असती. म्हणून गप्प बसलो."

तेवढ्यात आईने दार उघडलं. खोलीभर नजर फिरवली... माझ्यावरूनसुद्धा. "कुठे उलथली ही कार्टी?" असं पुटपुटून तिने दार लावून घेतलं. मी "आई!" म्हणून ओरडले, पण खोलीत आवाज म्हणून उमटला नाही; फोनवर तो मात्र दचकला.

त्याने ते बघितलं होतं. घाईने तो परत आपल्या खोलीत शिरला. "मी फोन ठेवतो," तो म्हणाला. "कायमचा. तुझा श्वास मी इथे ठेवून घेणार नाही."

अहो-जाहो विसरला होता तो.

"आणि समारोप?" मी कसंबसं म्हटलं.

"भीती वाटते गं. लांबून आवडतोय तुला. समोर आलो आणि नाही आवडलो तर? मला तू इतकी आवडतेस, की... तेवढं सोसणार नाही मला."

"मेल्या, हे आत्ता सांगतोस?"

पण फोन बंद झाला होता.

छातीत एकदम हवा शिरली. मी ढसाढसा रडले, आणि या वेळी आवाजही फुटला. डोळे पुसून पडद्याकडे पाहिलं. त्याची रेघ उतरत होती... उतरतच होती. अगदी तळाला गेली. आणि माझ्या मानेवर, कानाच्या जरा खाली, ऊबदार हवा लागली.

मी वळून पाहिलं नाही.

निरोप आला : "तुझी रेघ दोघांची झालीय."

"कळलं मला," मी लिहिलं.

"शेजारचा मित्र दारात येऊन परत गेला. मी त्याच्या समोरच उभा होतो. माझा श्वास परत पाठव ना..."

भीती वाटत होती, आणि हसूही आवरत नव्हतं. तरी लिहिलंच : "नाही पाठवत, जा! हवा असेल तर स्वतः येऊन घेऊन जा. आणि ऐक, मला तू आवडतोस. लांबून, जवळून, कसाही."

मानेवरचा श्वास थांबला. कितीतरी वेळ थांबला... मग हसू फुटल्यासारखा अडखळत सुटला. त्याचा निरोप त्यानंतर आला.

"येतो."