कोरपन्याची पोट्टी

वच्छलाने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो चक्क एक दगड चाटत होता!

चौऱ्याऐंशीची दिवाळी. डी.एड. आटोपून वच्छला कोरपन्याहून सिरोंच्याला भावाकडे सुट्टीला आली होती. डोक्यात एक भुंगा मात्र सोबत आला होता. बल्लारपूरच्या स्थळाला हो की नाही, ते परतल्यावर बाबांना सांगायचं होतं. मुलगा वाईट नव्हता. पण त्याला पाहून मनात पानही हललं नव्हतं. तिचा उतरलेला चेहरा पाहून वहिनीनेच तिला “हाडाईचं म्युझियम” बघायला पिटाळलं. म्युझियम कसलं, नदीकडच्या रस्त्यावरच्या दोन खोल्या! आत डायनासोरची दगड झालेली हाडं, झाडलोटीला म्हातारी बायनाबाई, आणि राखणीला हा दगड चाटणारा हरिदास.

“भूक लागली का जी?” वच्छलाने दारातूनच विचारलं.

तो दचकला. कान लालबुंद झाले. “नाई... म्हंजे, पारखून राह्यलो. जुनं हाड असलं का जिभेले चिपकते. दगड चिपकत नाई. तुमी पाहा करून.”

“कोनाकोनाचं उष्टं आहे हे?”

“धुऊन देतो ना!”

त्याने खरंच धुऊन, पुसून तुकडा पुढे केला. वच्छलाने जीभ लावली आणि हाड घट्ट चिकटलं! तशीच ती हसायला गेली, तोही हसला, आणि हसता हसता नजरेला नजर मिळाली... ती लवकर सुटेना.

मग मान वळवून तो बायनाबाईला हळूच म्हणाला, “पोट्टिगुंदि, गानी मंचिगुंदि.”

“काय म्हनलं?” वच्छलाने भुवई उचलली.

“काई नाई. पोट्टी आली, चहा ठेव म्हनलं.”

धडधडीत खोटं! वऱ्हाडीत पोट्टी म्हणजे पोरगी, पण तेलुगूत पोट्टी म्हणजे ठेंगणी. ‘ठेंगणी आहे, पण छान आहे,’ असं म्हणाला होता लबाड! त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की कोरपना आदिलाबादच्या दारात आहे, आणि कापूस वेचायला पलीकडून येणाऱ्या तेलुगू बायांच्या लेकरांत खेळत ही पोट्टी वाढली आहे. तिने तिथेच सांगून टाकायला हवं होतं. पण फुकटचा तमाशा कोण बंद पाडतं? तिने मुकाट्याने चहा घेतला.

मग काय, रोजच पाय तिकडे वळू लागले. हरिदास मराठीत तिच्याशी फक्त हाडांवर बोले, आणि तेलुगूत बायनाबाईशी फक्त तिच्यावर. तिची वेणी, तिचं हसणं, ती आली नाही तर खोल्या कशा खायला उठतात... वच्छला डायनासोरच्या मांडीच्या हाडाकडे टक लावून ओठ चावत उभी राही. ऐकता ऐकता हसू कमी झालं आणि छातीतली धडधड वाढली. तो तिला आवडला होता. आडपडदा कशाला, फार आवडला होता.

सुट्टी संपली. “उद्या चालली मी,” ती म्हणाली. “बाबा एका स्थळाचं विचारून राह्यले.” आणि वाट पाहत राहिली.

हरिदास स्वच्छच असलेलं हाड पुन्हा पुसू लागला. “चांगलं आहे... पोरगा चांगलाच असन.”

बायनाबाईने झाडू आपटला आणि तेलुगूत त्याची खरडपट्टी काढली. अरे, तोंड आहे ना तुला, विचार तिला! खाली मान घालून तोही तेलुगूतच म्हणाला, “काय विचारू? ती मास्तरीण होणार. माझ्यापायी ती या हाडांत कशाला राहील? सुखाने जाऊ दे तिला.”

झालं! मजेची मजा संपली. आता गप्प बसलं तर उद्याची एस.टी. तिला सरळ बल्लारपूरच्या पदरात टाकणार. आणि बोललं तर इतक्या दिवसांची चोरी उघडी पडणार. वच्छलाने कप खाली ठेवला.

“नन्नु अडुगु,” ती तेलुगूत म्हणाली. मला विचार.

हरिदासच्या हातून हाड सुटता सुटता राहिलं. बायनाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

“तुमाले... तेलुगू येते?”

“येते.”

“म्हंजे पहिल्या दिवशीचं...”

“ठेंगणी ऐकलं. वेणीचं ऐकलं. मी नाई आली त्या दिवशी जेवले नाई तुमी, तेही ऐकलं.”

“अन् बोलल्या काऊन नाई?”

“बोलली असती तर तुमी जलमभर हाडाईवरच बोलले असते!”

तो स्टुलावर बसला, तोंड झाकून. मग बोटांच्या फटीतून एक डोळा दिसला... त्यात हसू होतं.

“विचारू?”

“मराठीत.”

“वच्छला... बल्लारपूरले नाई म्हनशीन?” पहिल्यांदाच नाव, पहिल्यांदाच एकेरी.

“म्हनीन.”

“अन् मले?”

तिचे गाल तापले. ती उठून दारापर्यंत गेली, चौकटीला धरून वळली.

“संध्याकाळी घरी या. दादासमोर विचारा, तिथंच हो म्हनीन. अन् जपून बोला जी... दादाले माह्याहून चांगली तेलुगू येते!”