लेखकानं बोलायचं नाही

ही गोष्ट रचलेली नाही. रचायचीच असती, तर मी माझ्या मावसभावाला यात गोवलं नसतं.

शनिवार, ११ नोव्हेंबर २००६. सेलूजवळचं शेतातलं एक गेस्ट हाऊस. दुपारचे अडीच. बाहेर लख्ख ऊन. असलं काही फक्त रात्रीच घडतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी जरा नीट वाचावं.

माझा मावसभाऊ गजेंद्र नागपूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. त्या दिवशी त्या गेस्ट हाऊसवर प्रोग्रामर लोकांचं संमेलन होतं. कामात वारंवार येणारी अडचण आणि तिच्यावरचा पक्का उपाय, हे जोडीनं लिहून आणायचं. त्याला ते पॅटर्न म्हणतात. मग दहा-बारा जणांनी गोल बसून त्यातलं बरं-वाईट सांगायचं.

नियम एकच, पण कडक.

ज्याचा पॅटर्न, त्यानं पहिला परिच्छेद वाचायचा, खुर्ची उचलायची आणि गोलाबाहेर जाऊन बसायचं. चर्चा संपेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. तो तिथे नाहीच, असं समजून बाकीचे बोलणार. शेवटी सगळे उभे राहून टाळ्या वाजवणार आणि लेखकाला गोलात बोलावणार. त्यानंतरच त्यानं बोलायचं.

गजेंद्रला हा नियम फार सोयीचा वाटला होता.

कारण पॅटर्न त्याचा नव्हताच.

तो ज्योत्स्नाचा होता. ही हिंगणघाटकडची, भाजी पिकवणाऱ्या घरची पोरगी. ऑफिसात गजेंद्रच्या शेजारीच बसायची. कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर लोडशेडिंगमध्ये बंद पडला की अर्धं काम हरवायचं. तिनं उपाय काढला. मशीननं आधी आपण काय करणार ते लिहून ठेवायचं, मग करायचं. लाईट आली की तेच वाचून पुढे चालू. नाव दिलं, 'आधी गाठ, मग काम'.

"गजेंद्रभाऊ, तुमची ओळख आहे ना तिथं? पाठवा ना," म्हणाली.

यानं पाठवला. स्वतःच्या नावानं. आणि तिला सांगितलं, "नाकारला."

ती "बरं" म्हणाली. दोन दिवस डबा न उघडता घरी नेला. ऑगस्टमध्ये डेंग्यूनं गेली. आपलं काम चांगलं होतं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. राग येतो मला. भाऊ असला म्हणून काय झालं?

तर... गजेंद्रनं परिच्छेद वाचला. खुर्ची घेतली आणि भिंतीला टेकून बसला.

आधी कौतुक झालं. मग पुण्याची गुंजन म्हणाली, "पण यात गाठ कुठून आली? लेखकानं हे कुठे पाहिलं असेल?"

गजेंद्र चपापला. ते त्यालाही ठाऊक नव्हतं. नाव झकास वाटलं म्हणून त्यानं तसंच ठेवलं होतं. पण नियम होता, उत्तर द्यायचं नव्हतं. सुटलो, असं त्याला वाटलं.

आणि मग... त्याच्या उजव्या खांद्यामागून कोणीतरी बोललं.

"माही माय पोतं भरायच्या आधी सुतळीले गाठ मारते. मंधात कोनी हाक मारली तरी मोजनी चुकत नाई. तिले लिहिता येत नाई ना."

त्यानं झर्रकन मागे पाहिलं.

मागे नुसती भिंत.

गोलातल्या सगळ्यांच्या माना खाली होत्या. सगळे ते लिहून घेत होते. अगदी शांतपणे.

त्याला ओरडायचं होतं. "प्रफुलभाऊ!" चर्चा चालवणारा वर्ध्याचा प्रफुल चार हातांवर होता. गजेंद्रनं तोंड उघडलं...

आवाजच नाही.

कानाशी, अगदी जवळ...

"लेखक म्हनून नाव टाकलं ना तुमी? मंग चूप बसा. लेखकानं बोलायचं नाई."

पाऊण तास. प्रत्येक प्रश्नाला उत्तर आलं. प्रेमानं, तपशीलवार. गजेंद्र घामानं थबथबला होता, पण खुर्चीतून उठवेना.

शेवटी सगळे उभे राहिले. टाळ्या वाजू लागल्या. पण एकानंही गजेंद्रकडे पाहिलं नाही. सगळे त्याच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेकडे बघून हसत होते.

"या ताई, आत या," प्रफुल म्हणाला.

आणि त्यानं गोलात सरकवलेली रिकामी खुर्ची... करकरली.

नंतर मी प्रफुलला गाठून विचारलं. त्याला कोणी बाई आठवत नव्हती. "चर्चा एक नंबर झाली. थो गजेंद्रच काऊन तोंड पाडून बसला होता, काय माहीत." त्याच्या वहीत मात्र त्याच्याच अक्षरात होतं, 'आई सुतळीला गाठ मारते.'

गजेंद्रचा आवाज परत आला नाही. नागपूर झालं, मुंबई झाली. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. हे सगळं त्यानं मला कागदावर लिहून दिलं.

जानेवारीत मी त्याला मोटरसायकलवर ज्योत्स्नाच्या घरी नेलं. तिची आई, यशोदाबाई, अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. गजेंद्रनं रडत कबुलीचा कागद पुढे केला.

"मले वाचता येत नाई, बापू. तोंडानं सांग."

त्यानं तोंड उघडलं, मिटलं. मला बघवेना.

"मी वाचून दाखवतो, काकू," मी म्हणालो.

बाईनं हात वर केला. रिकाम्या घराकडे मान वळवली. कोणाचं तरी ऐकत राहिली...

"नाई म्हनते ज्योत्स्ना. ज्यानं चोरलं, त्यानंच सांगावं म्हनते."

चोरीचा शब्दही आम्ही काढला नव्हता.

गजेंद्र अजूनही दर जानेवारीत जातो. बाई समोर बसते आणि वाट पाहते. घाई तिला नाहीच.

पॅटर्नवर आजही त्याचंच नाव आहे. ते बदलून घ्या, असं संमेलनवाल्यांना कळवणं माझ्या हातात होतं. घरची अब्रू म्हणून मी टाळलं. परवा त्याला सोडायला गेलो, तेव्हा यशोदाबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुले त बोलता येते ना? मंग तू काऊन चूप हायेस?"

म्हणून आज हे लिहितोय, लेखक म्हणून माझं नाव टाकून. पॅटर्नवरचं नाव बदलण्याचं पत्रही टाकलंय.

सकाळपासून माझा आवाज बसलाय. बायको म्हणते, थंडीनं असेल.