कांताबाईंचा दुसरा फोटो

चैत्रालीला वाटलं होतं, दार उघडायलाच दहा मिनिटं लागतील. ब्याऐंशी वर्षांची बाई, एकटं घर, दुखरे गुडघे. मग 'माझा कसला गं फोटो काढतेस' म्हणून त्या तोंडाला पदर लावतील, आपण हट्ट करू, त्या हसतील आणि तेवढ्यात क्लिक. झालं भलतंच. बेलवर बोट ठेवायच्या आत दार उघडलं. कांताबाई पांढरीशुभ्र साडी नेसून, केसांना तेल लावून, खांद्यावर शाल घेऊन उभ्या. आणि बैठकीत दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या.

"जय भीम, आजी. दुसरी खुर्ची कुणाला?"

"जय भीम. आधी आत ये, सगळी ऊब बाहेर चाललीय."

वीर, तो फोन बाजूला ठेव. अन्वी, तू इकडे सरक. ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही, चैत्रालीनंच मला सांगितलीय. चैत्राली म्हणजे आपल्या जगदीशची मुलगी, इथे लंडनच्या हॅरोतच जन्मलेली. कॉलेजला मात्र हट्टानं नागपूरला गेली. चार वर्षांनी परत आली ती एक वेड डोक्यात घेऊन. आपली जी पहिली माणसं या देशात आली, ज्यांनी इथे विहारं उभी केली, त्या प्रत्येकाचा फोटो काढायचा. फिल्टर नाही, फोनची कारागिरी नाही. "शशीकाका, फोन खोटं बोलतो," मला सांगायची, डोळे असे मोठे करून. "फिल्म खोटं बोलत नाही."

कॅमेराही तसलाच शोधून आणला होता. पार्टीत क्लिक केल्यावर कार्ड बाहेर येतं ना, तीच फिल्म. पण बाकी सगळं हातानं. लेन्स काढून दुसरी लावता येते. फोकस रिंग फिरवून आपणच करायचा. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, तेही आपणच ठरवायचं. आणि फोटो घेतल्यावर बाजूचा दांडा फिरवला, तरच फिल्म बाहेर येते. दांडा फिरवायचा राहिला, तर त्याच फिल्मवर दुसरा फोटो बसतो. एका माणसावर दुसरा माणूस. ही चूक तिच्या हातून दोनदा झाली होती.

तर तारीख अठरा नोव्हेंबर दोन हजार तेवीस, शनिवार. मिल्टन कीन्स. चैत्रालीला दुपारचा उजेड हवा होता. कांताबाईंनी फोनवर बजावलं होतं, "रात्री नऊनंतर ये. त्याआधी आलीस तर दार उघडणार नाही."

का, ते चहा घेताना कळलं. त्यांनी तीन कप भरले. तिसरा किचनच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"आमचे हे नऊनंतर येतात," त्या म्हणाल्या. अगदी सहज, कुणी शिफ्टवरून घरी येतो म्हणावं तसं.

त्यांचे हे जाऊन चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं रोज रात्री जिना वाजायचा, किचनमधली खुर्ची सरकायची. कांताबाई दिवसभराचं सगळं त्या खुर्चीला सांगायच्या. मुलगा राकेश गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. आईला आपल्याकडे न्यायचं म्हणून दोन वर्षं मागे लागला होता. "आई, आपण बुद्धिस्ट. आपण भूतबित मानत नाही," असं म्हणायचा. तर या म्हणायच्या, "भूत कोण म्हणतंय? तुझे वडील आहेत."

शेवटी मायलेकांचं ठरलं होतं. फोटोत वडील दिसले, तर आई मरेपर्यंत याच घरात. नाही दिसले, तर सोमवारी हे भाड्याचं घर कौन्सिलला परत. राकेश हसून हो म्हणाला होता. आणि हे सगळं चैत्रालीला आत्ता कळत होतं.

"आजी, कॅमेऱ्यात असं कुणी येत नसतं हो."

"तू फिल्मवाली ना? खोटं बोलत नाही म्हणतेस ना तुझी फिल्म? मग काढ की. घाबरतेस कशाला?"

कॅमेऱ्यात दोनच फिल्म उरल्या होत्या. चैत्रालीनं लांबची लेन्स लावली, चेहऱ्याच्या फोटोला लावतात ती. कांताबाई एका खुर्चीत बसल्या, शेजारची मोकळी. डोळ्यांवर फोकस केला, मागचं किचनचं दार पार धूसर झालं. क्लिक. दांडा फिरवला. फिल्म बाहेर आली, पांढरी, कोरी.

थंडीत ती फिल्म नीट उमटत नाही. कांताबाईंनी ती शालीत धरली, अंड्यावर कोंबडी बसावी तशी. पाच मिनिटांनी बाहेर काढली. आधी साडी उमटली. मग चेहरा. मग मागे किचनच्या दारात एक काळसर उभा धब्बा. डोकं आणि खांदे असल्यासारखा.

कांताबाईंनी टाळी वाजवली. खरंच वाजवली. लगेच राकेशला फोन. "आले बरं का तुझे बाबा! सोमवारचं विसर आता!"

चैत्राली मात्र अस्वस्थ. सकाळी हॅरोच्या हॉलमध्ये तिनं एका आजोबांचा फोटो काढला होता. तेव्हा दांडा फिरवला होता का? आजोबांच्या हातात फोटो दिल्याचं आठवत होतं. नक्की आठवत होतं. तरी म्हणाली, "आजी, माझी चूक असेल. दांडा राहिला असेल. एकावर एक बसला असेल फोटो."

"मग दुसरा काढ. आणि या वेळी मागचंही स्पष्ट येऊ दे. मला त्यांचा चेहरा बघायचाय."

तिनं लेन्स बदलली. आता रुंद लेन्स, सगळी खोली मावेल अशी. नीट ऐका हं. ही लेन्स लावली की सगळं लहान दिसतं, लांब गेल्यासारखं. लेन्सचं भोक, ॲपर्चर, बारीक केलं, म्हणजे मागचंही स्पष्ट येईल. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं होतं, म्हणून कॅमेरा स्टँडवर. ती लेन्समधून बघत होती. दोन खुर्च्या. कांताबाई. किचनचं दार. दारात कुणी नव्हतं.

"हलू नका, आजी."

क्लिक.

दांडा तिनं मोठ्यानं बोलून फिरवला. "फिरवला."

पुन्हा शाल. पुन्हा वाट. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं. बाहेर रेडवेच्या सायकलवाटेवरून एक सायकल गेली, मग तीही नाही.

फोटो उमटू लागला. खुर्च्या लहान. कांताबाई लहान. भिंतीवरचं घड्याळ नखाएवढं. सगळं लहान झालं होतं...

तो झाला नव्हता.

तो मोठा झाला होता. म्हणजे काय, समजलं? तो जवळ आला होता. किचनच्या दारात नव्हता. मोकळ्या खुर्चीतही नव्हता. तो कांताबाईंच्या खुर्चीमागे उभा होता, वाकून. तोंड त्यांच्या केसांत.

चैत्रालीनं त्यांच्या मागे बघितलं. कुणी नव्हतं.

कांताबाई फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. खूप वेळ. हसू अजून ओठांवर होतं. मग ते राहिलं नाही.

"चैत्राली."

"हं."

"आमचे हे बुटके होते गं. माझ्या खांद्याला लागायचे. लग्नात हार घालायला मला वाकावं लागलं होतं. सगळा मांडव हसला होता." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. वाकूनसुद्धा त्या आकाराचे खांदे दाराच्या चौकटीच्या वरच्या पट्टीपर्यंत गेले होते. "हा... हा किती उंच आहे."

"आजी—"

"मग चौदा वर्षं मी..."

किचनमध्ये चमचा कपाला लागला. एकदाच.

कांताबाईंनी तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात एवढा जोर. "गाडी आहे ना?" अगदी हळू. "चल."

"तुमची चप्पल—"

"राहू दे."

दिवे तसेच. हीटिंग तसंच. चैत्रालीनं कॅमेरा स्टँडसकट काखेत मारला, फोटो कोटाच्या खिशात कोंबले. मिल्टन कीन्समध्ये सगळे गोल चौक, राउंडअबाउट, सारखे दिसतात, दिवसासुद्धा. ती तीनदा चुकली. तीनदा त्याच वळणावर आली. कांताबाई अनवाणी, समोर बघत. एकदाच बोलल्या.

"आरशात बघू नकोस."

तिनं बघितलं नाही.

राकेशनं दार उघडलं. आईचे पाय बघितले. ब्लँकेट आणलं. चैत्राली रात्रभर सोफ्यावर बसून होती, दिवा लावून.

रविवारी सकाळी साडेसातला ऊन आलं. कांताबाई उठून बाहेर आल्या, तिच्या शेजारी बसल्या. उजव्या हातानं डावा खांदा चोळत होत्या.

"आखडलाय गं, बहुतेक गाडीत बसून. ऐक ना. मला रात्रभर वाटत होतं, मी ह्यांना एकटं टाकून आले. तूच म्हणाली होतीस ना, दांडा राहिला असेल? तसंच झालं असणार. कुणा भलत्याच माणसाचा फोटो वर बसला असेल." त्यांचे डोळे भरले. "तू नुसतं हो म्हण. मी राकेशला सांगते, मला माझ्या घरी सोड."

एक शब्द. तेवढाच हवा होता त्यांना. त्या एका शब्दात त्यांची चौदा वर्षं त्यांना परत मिळत होती.

चैत्रालीनं कोटाच्या खिशात हात घातला. दुसरा फोटो अर्धाच बाहेर काढला, स्वतःपुरता.

दोन खुर्च्या होत्या. कांताबाई होत्या. भिंत, घड्याळ, किचनचं दार. खुर्चीमागे कुणी नव्हतं. कुणीच नव्हतं.

फक्त फोटोतल्या कांताबाईंच्या डाव्या खांद्यावर शाल दबलेली होती. चार खळगे, बोटांचे असावेत तसे. लांब. शेजारी शेजारी. रात्री ते खळगे तिथे होते की नाही, हे तिला आजही सांगता येत नाही.

खुर्चीमागे कुणी नसलेला हा फोटो दाखवला असता, तर म्हातारी हसत घरी गेली असती. चैत्रालीनं तो परत खिशात सरकवला. मग कांताबाईंचा हात हातात घेतला.

"नाही, आजी. माझी चूक नव्हती. दांडा फिरवला होता, दोन्ही वेळा. ते तुमचे हे नव्हते. तुम्ही त्या घरात परत जायचं नाही. कपडेसुद्धा आणायला नाही."