पिवळ्या बदकाची सीट

बाळाला मांडीवर घेऊन निघालात? खाली बसा दोघंही. "मामा, अर्ध्या तासाचा तर रस्ता," असं मला सांगू नकोस. अर्ध्या तासाच्या रस्त्यांवरच्याच बातम्या मी बत्तीस वर्षं लिहिल्या. आणि सूनबाई, तू कितीही घट्ट धर. गाडी आदळली की आईच्या हातात बाळ राहत नाही. भुताची गोष्ट हवी होती ना मघाशी? ऐका.

आमच्या पेपरात एक फोटोवाला होता. अपघात झाला की आम्ही दोघं जायचो, तो फोटो काढायचा, मी लिहायचो. चुरा झालेल्या गाड्या जायच्या एका भंगारवाल्याकडे, म्हणून त्याच्याशी याची दोस्ती. याची मुलगी सात महिन्यांच्या लेकीला घेऊन माहेरी येणार होती. भंगारवाल्याने याला बाळाची सीट दिली. धुऊनपुसून चकाचक, पाठीवर पिवळं बदक.

मी म्हटलं, "अरे, अपघात सोसलेली सीट पुन्हा वापरत नाहीत. वरून धड दिसते, आतून तडकलेली असते."

"तू बातम्या लिही," तो म्हणाला. "बसवायचं मी बघतो."

बसवली कशी? एवढं लहान मूल गाडीच्या मागच्या काचेकडे तोंड करून बसवतात. याने पुढे तोंड केलं, नात आरशात दिसावी म्हणून. गाडीचा पट्टा नुसता ओवला, ताणला नाही. सीट वीतभर डुलायची.

सोळा जानेवारी, मंगळवार. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी तो स्टेशनकडे निघाला. गाडीत एकटा.

अकरा पंचवीसला माझा फोन वाजला. मी ऑफिसातच होतो.

"मागे बकल लागतंय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"टक असा आवाज येतो. थांबून बघितलं, तर रिकाम्या सीटचं बकल लावलेलं. मी उघडलं. दोन किलोमीटरवर परत... टक. आणि पट्टा सर्रकन ओढल्यासारखा."

मी हसलो. "घट्टच करतंय ना कुणीतरी? मग तुझ्यापेक्षा शहाणं आहे."

तोही हसला. फोन ठेवला.

पुढचं मला त्याच्या मुलीने सांगितलं. स्टेशनवर बाळाला जाड जाकिटासकट सीटमध्ये बसवलं. जाकिटावरून पट्टे लावले. ते नुसते वर राहतात, अंगाला लागतच नाहीत. गाडी सुटली.

मागे... सर्र.

बाळ रडायला लागलं. त्याने गाडी थांबवली, पट्टे सैल केले.

थोडं पुढे गेले.

सर्र.

"बाबा, तुम्ही ओढलंत का?"

"मी कसा ओढेन? स्टिअरिंग माझ्या हातात आहे."

पुन्हा सैल केले. तिसऱ्या वेळी पट्टा सैल होईना. पलीकडून कुणी धरून ठेवावा तसा. त्याने दोन्ही हातांनी हिसका मारला.

मुलगी म्हणाली, "बाबा, राहू द्या ना घट्ट."

"रडतेय गं ती. दहाच मिनिटं राहिलीत."

त्याने बकलच उघडून टाकलं.

मग आवाज आला नाही. बाळ गप्प झालं. तो आरशात बघून हसला...

बारा चाळीस. वळणावर ट्रक उभा. मागचे दिवे नाहीत.

त्याला कपाळावर तीन टाके पडले. मुलीचं मनगट मोडलं.

बाळ...

असो.

पोलिसांनी अहवालात लिहिलं, चालकाचा हलगर्जीपणा. ट्रकच्या मालकाचं नाव नाही, भंगारवाल्याचं नाव नाही. आमच्या पेपराने चार ओळी छापल्या. मी संपादकाशी भांडलो, पाचवी मिळाली नाही. मुलगी बापाशी बोलत नाही. तो कुणाशीच बोलत नाही. आणि ती सीट? भंगारवाल्याने पुसून पुन्हा विकली. कुणाला विकली, आठवत नाही म्हणतो.

पण ते पिवळं बदक माझ्या डोक्यातून जाईना. कुठेतरी पाहिलं होतं. आठवड्याने मी जुन्या अंकांची फाइल काढली. ऑक्टोबर. तेच वळण, दुसरी गाडी, दुसरं बाळ. तेही गेलं होतं. फोटो यानेच काढलेला. फुटलेल्या दारातून दिसणारी रिकामी सीट, तिच्यावर बदक. सीट घरी आली तेव्हा आम्हा दोघांनाही ती ओळखू आली नव्हती. आमच्यासाठी तो एक फोटो होता, दुसऱ्या दिवशी दुसरा.

खालची ओळ माझीच. फोटो समोर ठेवून लिहिलेली: 'बाळाच्या सीटचे पट्टे सैल लोंबत होते.'

बत्तीस वर्षांत माझ्या एकाही ओळीला दुरुस्ती छापावी लागलेली नाही. ती फाइल आत कपाटात आहे. बघायची तर बघा.

ओळ तीच आहे.

वरच्या फोटोत आता... बकल लावलेलं आहे. पट्टे ताणून घट्ट. आत कुणी नाही, तरी छातीवर बसावेत तसे.