पाटलीण घोडीच्या खर्चाची यादी

त्या काळी चुडाव्याच्या ठेसनात गाडी उपकार केल्यासारखी थांबायची. थंडीतल्या एका सकाळी पूर्णेचा शिवरुद्र तिच्यातून उतरला, तेव्हा त्याचा कापडाचा गठ्ठा त्याच्याआधीच उतरून धुक्यात गडप झाला होता. तो चाचपडत पुढं गेला. आधी मानेवर एक ऊन ऊन श्वास आला... मग धुक्यातून एक लांबोडकं तोंड आलं, आणि त्या तोंडात त्याच्या सगळ्यात महागड्या लुगड्याचा पदर होता.

"सोड गं पाटलीण," कुणीतरी म्हणालं. "महाग दिसायलंय ते."

पाटलीण म्हणजे घोडी. बोलणारी होती शांतम्मा. खरं सांगायचं तर घोडी त्याला दोन क्षण आधी दिसली, आणि आधी तीच आवडली. हे शिवरुद्रानं पुढं कधी लपवलं नाही.

शांतम्माचे वडील ईश्वरअप्पा ठेसनावरच्या उतारूंना ही घोडी भाड्यानं देत, आणि स्वतः लगाम धरून गावोगाव पोचवून येत. पण त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून घोडी विकायची होती. शिवरुद्र बाजारामागून बाजार करायचा, गाडीतून उतरलं की पुढं पाठीवर गठ्ठा घेऊन पायी. आपल्याला घोडी पाहिजे हे त्याला उभ्या उभ्याच पटलं. आजवर त्यानं एकही जनावर पाळलेलं नव्हतं. घरात एक मांजर असायचं, पण ते शेजाऱ्यांचं.

"किती म्हणता?"

"चाळीस. निजामाचे हाली रुपये," ईश्वरअप्पा म्हणाले.

"माझ्यापाशी बेचाळीस हायेत," शिवरुद्र खुशीत म्हणाला. "म्हंजी दोन उरले की!"

"आन् ती खाईल काय?" शांतम्मानं विचारलं. "ते दोन रुपये?"

ईश्वरअप्पांनी हात वर केले. शिंगरू होती तेव्हापासून पाटलिणीला शांतम्मानं वाढवलं होतं, आणि शांतम्मा हो म्हणेल त्यालाच घोडी द्यायची, असा शब्द ते देऊन बसले होते.

"महिन्याचा खर्च काढून आणा," ती म्हणाली. "पुढल्या बाजाराला. मग बगू."

पुढल्या बाजाराला शिवरुद्र यादी घेऊन आला. शांतम्माला अक्षर येत नव्हतं, म्हणून तो वाचायचा आणि ती घोडीची मान खाजवत ऐकायची. घोडीही कान टवकारून ऐकायची. तिच्याच पोटाचा प्रश्न होता.

"हरभरा, रोज दोन शेर. कडबा, रोज चार पेंढ्या. संपलं."

"नाल?"

"...नाल?"

"महिन्याला नाल ठोकावे लागतेत. का चपला घालणार हाव तिला?"

त्यानं मान खाली घातली आणि नाल लिहिले. लिहिताना हळूच वर पाहिलं तर ती ओठ दाबून हसत होती. गाडीच्या शिटीपर्यंत तो तसाच लिहीत राहिला. 'नाल' लिहायला इतका वेळ पूर्णेच्या पंचक्रोशीत कुणाला लागला नसेल.

त्यापुढच्या बाजाराला मीठ राहिलं होतं. मग मागचे पाय बांधायचा पिछाडीचा दोर. मग झूल. एकदा तर तो यादीत झूल धरून आला आणि कडबाच विसरला.

"कडबा गेल्या बारीला होता की!" ती म्हणाली.

"मला वाटलं, झूल हाय तर भूक कमी लागंल."

तिला एवढं हसू आलं की घोडीला घासायचा खरारा हातातून पडला. तो उचलायला दोघंही वाकली. डोक्याला डोकं लागलं. घोडीनं दोघांकडे पाहिलं, आणि कंटाळल्यासारखं तोंड फिरवलं.

"लय लागलं का...?" त्यानं विचारलं.

"न्हाई," कपाळावर हात ठेवून ती म्हणाली. "तुमाला?"

"मलाबी न्हाई." त्याला चांगलंच टेंगूळ आलं होतं. आठवडाभर तो ते जपत होता.

धुकं विरलं, ज्वारी निघाली, पळस फुलले. शिवरुद्र दर बाजाराला यायचा, अर्धीमुर्धी यादी वाचायचा, टोमणे खायचा आणि सुखानं परत जायचा. पूर्णेच्या बाजारात हाच माणूस वीस लुगड्यांचा हिशेब तोंडी करायचा, हे चुडाव्यात कुणाला सांगून पटलं नसतं.

आठव्या बाजाराला तो आला, तेव्हा अंगणात एक जाड मिशांचा माणूस उभा होता. कुणा देशमुखाकडून आला होता. खिशात रोकड होती आणि बाहेर बैलगाडी जुंपून ठेवली होती.

"आज कायतरी येक होऊ द्या," तो म्हणाला.

शांतम्मानं शिवरुद्राकडे पाहिलं. "वाचा," ती म्हणाली. आज तिच्या आवाजात चेष्टा नव्हती.

शिवरुद्रानं कागद काढलाच नाही. हरभरा, कडबा, नाल, मीठ, दोर, झूल, वैदूची दवा... एका दमात सगळं म्हणाला, कुठंही न अडखळता. "साडेदहा रुपये महिना. मला सोळा सुटतेत. घरी आई हाय. अवघड गेलेल्या महिन्यात पाटलिणीच्याच हरभऱ्यावर कात्री येईल... ते मला बघवायचं न्हाई." "देशमुखाला द्या."

एवढं बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की चुडाव्याला उतरायचं खरं कारणच त्यानं आत्ता देऊन टाकलं होतं.

शांतम्मा बराच वेळ घोडीच्या आयाळीतून बोटं फिरवत राहिली. मग म्हणाली, "द्या अप्पा."

मिशीवाल्यानं आणि ईश्वरअप्पांनी रुमालाखाली हात घातले, बोटं दाबून भाव ठरवला. पाटलीण बैलगाडीमागं निघाली. वळणावर तिनं एकदा मागं पाहिलं. शांतम्मानं पाहिलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

शिवरुद्रानं गठ्ठा उचलला. "येतो मग."

"पुढल्या बाजाराला?"

"आता... कशाला?"

"लगाम धरला न्हाई तुमी यादीत," ती भिंतीकडेच बघत म्हणाली.

"ठाऊक हाय मला."

"मलाबी ठाऊक हाय. पयल्याच दिवशी सात चुका दिसल्या हुत्या मला." आता ती वळली. डोळे भरलेले, पण ओठ तसेच दाबलेले. "येका बाजाराला येकच सांगितली."

शिवरुद्राच्या हातातून गठ्ठा खाली पडला. "सात? मी तर पाचच केल्या हुत्या... मुद्दाम!"

"मंग दोन खऱ्याच हुत्या," शांतम्मा म्हणाली, आणि रडता रडता हसली.

"शांतम्मा... मला त्या घोडीपेक्षा—"

"जोरात बोल," ओट्यावरून ईश्वरअप्पा ओरडले. "गुडघे गेलेत, कान बी जायलेत."

शिवरुद्र लाल झाला. ओट्यापाशी जाऊन खाली मान घालून उभा राहिला.

"ह्या मिशीवाल्याला मी तीनदा माघारी धाडला," म्हातारा म्हणाला. "कशापायी? तुझा हरभरा ऐकायला? बस. कागद काढ. माझ्या पोरीला सांभाळायला महिन्याला काय लागतंय, ते लिव्ह. येकाच फेरीत. आठ बाजार मला दम न्हाई."

"अप्पा! मी काय घोडी हाय का?"

"न्हाई. घोडीला देशमुख भेटला. तुला ह्योच भेटायलाय."

शिवरुद्र ओट्यावर मांडी घालून बसला. दूर गाडीची शिटी झाली. आज त्यानं मान वर केली नाही. लिहून झाल्यावर तो एकेकाच्या खर्चासकट वाचू लागला. ज्वारी, डाळ, तेल, गूळ, वर्षाला दोन लुगडी, बांगड्या, माहेरी यायला गाडीभाडं... शेवटी त्यानं बेरीज सांगितली, तेरा रुपये.

खरी बेरीज सतरा होत होती, त्याला सुटणाऱ्या सोळांच्याही वर. शांतम्माच्या ते तेव्हाच ध्यानात आलं.

ह्या खेपेला मात्र तिनं चूक काढली नाही.