रिकाम्या हाताने

आदेशने केलेलं पहिलं कव्हर पाहून दीपिका एवढंच म्हणाली, "हे कव्हर हाय का लग्नाची पत्रिका?"

तिचंही काही चुकलं नव्हतं. वाघ होता, मोहाचं झाड होतं, पौर्णिमेचा चंद्र होता, कंदील घेतलेला माणूस होता आणि या सगळ्या गर्दीवर वेलबुट्टीच्या अक्षरांत गेमचं नाव, 'सांजवाट'. ऊर्जानगर या वीजकेंद्राच्या वसाहतीत, आदेशच्या बाबांच्या क्वार्टरमधल्या मागच्या खोलीत दोघांनी मिळून हा गेम घडवला होता. कोड दीपिकाचा, चित्रं आदेशची. संध्याकाळच्या जंगलातून एक माणूस चालत घरी जातो, एवढाच खेळ. पण इंटरनेटवरच्या दुकानात असे गेम ढिगाने मांडलेले असतात, आणि गिऱ्हाइकाला आधी दिसतं ते कव्हर, तेही काडेपेटीएवढं. दीपिकाने आदेशचं चित्र तेवढं लहान केलं, तर त्याची पार खिचडी झाली.

"एकच गोष्ट ठेव," ती म्हणाली. "बोट सरकवता सरकवता मानूस थांबला पाहिजे. नाई थांबला तर गेला तो."

ती एक गोष्ट शोधता शोधता आदेशला मोबाइलमधला हिवाळ्यातला एक फोटो सापडला.

त्याचं गाव मूल शहराच्या पुढे, जंगलाला लागून. गावातून धानाच्या बांध्यांकडे, म्हणजे भातखाचरांकडे जाणाऱ्या पायवाटेवर दगडांचा आणि डहाळ्यांचा एक ढीग आहे. त्याच्या मोठ्या मायची, म्हणजे थोरल्या काकूची, रुखमाबाईची एकुलती एक मुलगी करिश्मा मोहफुलं वेचायला गेली होती, तेव्हा वाघाने तिला तिथे धरलं. तेव्हापासून त्या वाटेने जाणारा प्रत्येक जण तिथे एक दगड नाहीतर हिरवी डहाळी ठेवतो. रिकाम्या हाताने पुढे गेलं, तर तिथे मेलेलं माणूस उठून सोबतीला येतं, असं गावात मानतात. आदेश काही मानत नव्हता, पण ठेवायचा. तो आणि करिश्मा एका ताटात जेवून मोठी झालेली. तिच्यासाठी डहाळी ठेवायला श्रद्धा कशाला लागते?

रुखमाबाई मात्र रोज बांधीवरून परतताना तिथे टेकायची आणि दिवसभराचं सगळं लेकीला सांगायची. कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोराचं कुठे जमलं. नवरा आधीच गेलेला, घरात बोलायला भिंती. त्या बोलण्याच्या जोरावर बाई दुसऱ्या दिवशी उठत होती.

फोटो धुक्यातला होता. मधोमध ढीग, दोन्ही बाजूंनी निघून जाणारी वाट, मागे राखाडी जंगल. आदेशने त्यावरून नवं कव्हर रंगवलं. लहान केल्यावर ढीग एखादी बाई पाठमोरी बसल्यासारखा दिसायला लागला. फक्त वर एक हिरवी डहाळी मध्येच टोचत होती. फोटो काढण्याआधी त्यानेच ठेवलेली. काडेपेटीएवढ्या आकारात ती नुसता डाग दिसायची, म्हणून त्याने ती पुसून टाकली.

दीपिका खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली, डोळे बारीक करून तिने पडद्याकडे पाहिलं. "हेच," ती म्हणाली.

शिमग्याच्या आधी कव्हर दुकानात लागलं आणि गेमचं नशीब फिरलं. लोक थांबायला लागले. थांबणाऱ्यांच्या कैक पटींनी नुसतं पाहून पुढे जात होते, पण कुठलंही दुकान असंच चालतं. दीपिकाने नोकरी सोडायचं बोलून दाखवलं. आदेशच्या बाबांनी पहिल्यांदाच शेजाऱ्याला सांगितलं, की पोरगा नुसता खेळत बसत नाही.

पहिला चमत्कारिक निरोप ब्राझीलहून आला. माणसाच्या मागून चालणारी ती बाई फार छान जमलीये, ती तोंड कधी दाखवते?

गेममध्ये बाई नव्हतीच. आदेशला वाटलं, दीपिकाने गुपचूप घातली. दीपिकाला वाटलं, आदेशने. एकमेकांवर ढकलून झाल्यावर दोघं हसली. मग तसेच आणखी निरोप आले, तेव्हा हसणं थांबलं.

फिनलंडच्या एका म्हाताऱ्याने सविस्तर लिहिलं होतं. 'मी गेम खेळत नाही. नातवाच्या फोनवर तुमचं चित्र दिसलं आणि मी पुढे गेलो. त्या दिवसापासून ट्राममध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी वाटत नाही. त्रास काहीच नाही, उलट बरं वाटतं. फक्त एक वास येतो, गोडसर आणि थोडा आंबूस, वाळत घातलेल्या फुलांचा. ते फूल कुठलं, हे तुम्हाला ठाऊक असेल का?'

आदेशला ते फूल ठाऊक होतं, मोहाचं. त्याने गाडी काढली आणि गाव गाठलं.

पायवाटेवर गावातल्या लटारूची बैलजोडी पुढे चालली होती. ही बैलं ढिगापाशी नेहमी बिचकायची, कान उभे करायची. त्या दिवशी माना खाली घालून सरळ निघून गेली. रुखमाबाई ढिगाजवळ बसली होती. तोंड मिटलेलं.

"काऊन गप बसून राह्यली, मोठी माय?"

"करिश्मा इथी नाई आता."

"म्हंजे?"

"नाई म्हंजे नाई. शिमग्याच्या आधीपासूनच नाई. बोललं तं दगडासंग बोलल्यावानी वाटते."

आदेशने तिला सगळं सांगितलं. फोन पुढे धरला. रुखमाबाईने चित्र बराच वेळ न्याहाळलं.

"वरती डहाळी नाई."

"मीच पुसली."

"किती लोकाईनं पाह्यला असन हा फोटो?"

"लय. साऱ्या जगातल्या."

"अन् ठेवलं कोनी काई?"

"याच्यात ठेवता नाई येत, मोठी माय. लोक पाहतात अन् पुढं जातात."

"मंग गेली ते त्याईच्यासंग," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पोट्टीचा सोभावच तसा. एकटं कोनी दिसलं का चालली सोबतीले."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आदेशला वाटलं. परतताना वाटेतच गाडी थांबवून तो रडला.

"याच कव्हरमुळं तर लोक थांबून राह्यले, आदेश," त्याने कव्हर काढू म्हटल्यावर दीपिका म्हणाली. त्याने फिनलंडचा निरोप तिच्यासमोर ठेवला. तिने तो वाचला, ढिगाचं कव्हर काढलं आणि त्या जागी नुसता कंदील लावला. लोक थांबायचे बंद झाले. हे व्हायचंच होतं. निरोप मात्र येतच राहिले, कारण ते चित्र कोणी कोणी कुठे कुठे उतरवून ठेवलेलं होतं.

दर रविवारी आदेश गावाला जाऊ लागला. ढिगावर ओंजळभर हिरवं ठेवायचा. बैलं तशीच सरळ जायची. रुखमाबाईने तिथे बसणं सोडलं. ती वाळत चालली होती, आणि त्याच्याने ते बघवत नव्हतं.

मोहाचा हंगाम आला. रस्त्यावरचं डांबर पाघळत होतं. एका रविवारी दुपारी रुखमाबाई दारात बसून फुलं निवडत होती. भिंतीशी दोन ताटं घासून पालथी घातलेली.

"काल ढिगापाशी मी काईच नाई ठेवलं," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं आली घरी. मेलेल्याले घरी आनू नये म्हनतात, म्हनून आजवर हिंमत नाई केली. काल नाई रायवलं."

"मंग?"

"मांगंमांगं पाय वाजले. मी वळून नाई पाह्यलं. घरात आली अन् दोन ताटं वाढली."

आदेशच्या अंगभर आनंद पसरला. "करिश्मा आली?"

रुखमाबाईने नाही म्हणून मान हलवली.

"माही नाई ते. दुसरीच कोनी हाय."

ती पुन्हा फुलं निवडू लागली.

"एवढ्या उन्हात थंडीनं कुडकुडते. रातभर वाकय पांघरून बसली. तिची बोली मले समजत नाई, माही तिले समजत नाई. पन उपाशी कशी ठेवू? करिश्मा तिकडं गेली, तशी हे तिकडून इकडं आली असन. तिचीबी कुठी माय असनच." तिने वर पाहिलं. "तुह्या त्या लोकाईले पूस, बापू. कोनाची पोट्टी घरी नाई आली ते."

आदेशने दाराकडे पाहिलं. आत अंधार होता. तिथून गार हवा येत होती.

मग आतून आवाज आला. बाईचा, हळू, जिभेवर शब्द नवाच असल्यासारखा.

"पानी."

"सकाळी शिकवलं तिले," रुखमाबाई म्हणाली, आणि तांब्या घेऊन आत गेली.